पेट्रोलचा भाव कोण ठरवतो? – डॉ. विजय केळकर आणि तेलाचे खाते



गेल्या महिन्यात प्रार्थनेनंतर नववीतल्या एका मुलीने उभे राहून विचारले, "सर, पेट्रोलचा भाव पंपावरचे काका ठरवतात का?" मुले हसली. मला मात्र हसू आले नाही, कारण त्याच आठवड्यात व्हॅनचे भाडे वाढवण्यावरून पालकसभेत बरीच गरमागरमी झाली होती. व्हॅनवाले म्हणत होते की डिझेल परवडत नाही, आणि पालक म्हणत होते की पगार वाढला नाही. दोघांचेही खरे होते. पंपावरचे काका भाव ठरवत नाहीत एवढे मी तिला तिथेच सांगितले आणि बाकीचे उत्तर वार्तापत्रात लिहितो असे कबूल केले. ते आज लिहीत आहे.

उत्तर एका माणसाच्या नोकरीच्या गोष्टीतून सांगतो. या माणसाने तेलाची एकही विहीर खणली नाही, पण देशातल्या प्रत्येक पंपावरचा भाव कसा ठरावा हे बदलण्यात त्याचा मोठा वाटा होता. त्यांचे नाव डॉ. विजय केळकर. जन्म १९४२ चा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६३ मध्ये पदवी घेतली, मग अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातून १९६५ मध्ये एम.एस. केले आणि त्यानंतर वाट बदलली. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९७० मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली ती अर्थशास्त्राच्या क्षेत्रात. अकरावीत गणित की वाणिज्य यावरून घरोघरी जी रडारड होते ती पाहणाऱ्या आम्हा शिक्षकांना हे वाचून जरा बरे वाटते. इंजिनियर झाल्यावरही माणूस दुसरे काही शिकू शकतो.

दुसरी गोष्ट, ते आय.ए.एस. नव्हते. सरकारात सचिव व्हायचे तर यू.पी.एस.सी. हाच एक रस्ता, अशी आपल्याकडे समजूत आहे. केळकर अर्थतज्ज्ञ म्हणून सरकारात आले. नियोजन आयोगात काम केले, ऐंशीच्या दशकात पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेचे सचिव होते, औद्योगिक खर्च आणि किंमती यांच्या ब्यूरोचे अध्यक्ष होते. या ब्यूरोचे नाव रुक्ष आहे, काम मात्र मजेदार. एखादी वस्तू बनवायला खरा खर्च किती येतो हे शोधून काढायचे. कारखानदार जास्त सांगणार, गिऱ्हाईक कमी सांगणार आणि खरा आकडा मध्ये कुठेतरी लपलेला असणार. नंतर काही वर्षे ते जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारविषयक संस्थेत होते आणि नव्वदच्या दशकाच्या मध्याला दिल्लीत पेट्रोलियम व नैसर्गिक वायू मंत्रालयाचे सचिव झाले.

त्या वेळी तेलाचा कारभार कसा चाले, हे आजच्या मुलांना सांगितले तर खरे वाटणार नाही. गॅस कनेक्शनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. लग्नाच्या बोलणीत मुलाकडे गॅस आहे का हे विचारले जाई. आमच्या घरी वाती लावायचा स्टोव्ह होता. आई 'रॉकेल आण' म्हणे आणि राशनच्या दुकानावरची पाटी 'मिट्टी का तेल' म्हणे. दोन्ही एकच, हे मला पिशवीतला डबा भरताना कळले.

पेट्रोलियम कंपन्या त्या काळी सरकारीच होत्या. मुंबई आणि विशाखापट्टणमला शुद्धीकरण कारखाने चालवणाऱ्या एस्सो, बर्मा-शेल आणि कॅलटेक्स या परदेशी कंपन्या सत्तरच्या दशकात सरकारने ताब्यात घेतल्या होत्या. त्याच दशकात मुंबईपासून दूर समुद्रात 'सागर सम्राट' या जहाजाने १९७४ मध्ये तेल शोधले आणि १९७६ मध्ये ते बाहेर यायला लागले. पण तेलाचा भाव ना समुद्र ठरवत होता ना कंपनी. भाव दिल्लीत ठरत होता. या पद्धतीला 'प्रशासित किंमत व्यवस्था' म्हणत. तिचे दोन भाग होते आणि दोन्ही समजून घेण्यासारखे आहेत.

पहिला भाग असा. कारखान्याला जो खर्च येईल तो पूर्ण मिळणार आणि वर भांडवलावर ठरलेला नफा, कर वजा जाता १२ टक्के. मुलांनो, समजा शाळेने गणवेश शिवणाऱ्या शिंप्याला सांगितले की तुमचा जो खर्च होईल तो देऊ आणि वर इतके टक्के नफा देऊ. तो कापड वाचवील का? जुने मशीन बदलील का? वाईट माणूस असल्यामुळे नव्हे, पण वाचवण्याचे कारणच उरले नाही म्हणून नाही वाचवणार.

दुसरा भाग म्हणजे 'ऑइल पूल' नावाचे खाते. घरात एक डबा असतो तसा हा डबा समजा. पेट्रोल खर्चापेक्षा महाग विकायचे आणि वरचे पैसे डब्यात टाकायचे. रॉकेल आणि घरगुती गॅस खर्चापेक्षा स्वस्त विकायचा आणि तूट डब्यातून भरायची. कल्पना चांगली वाटते, स्कूटरवाल्याने चुलीवाल्याला मदत करायची. अडचण दोन ठिकाणी येते. जगात तेल महाग झाले आणि सरकारला भाव वाढवायचा धीर झाला नाही की डबा रिकामा होतो, मग कंपन्यांची बिले थकतात. १९९६-९७ मध्ये हेच झाले. आणि दुसरे, रॉकेल आणि डिझेल यांच्या भावात फरक फार असला की गरिबाच्या नावाचे रॉकेल ट्रकच्या टाकीत जाते. भोपाळमध्ये ज्यांनी त्या काळी जुन्या टेम्पोच्या मागे स्कूटर चालवली आहे त्यांना तो वास अजून आठवत असेल.

१९९५ मध्ये सरकारने तेल उद्योगाच्या पुनर्रचनेसाठी एक गट नेमला. पेट्रोलियम सचिव म्हणून केळकर त्याचे प्रमुख होते. पुनर्रचना या अर्थाच्या इंग्रजी शब्दाच्या आद्याक्षरावरून त्याला 'आर-ग्रुप' म्हणत. सप्टेंबर १९९६ मध्ये अहवाल आला. म्हणणे थोडक्यात असे, की डबा टप्प्याटप्प्याने बंद करा, तेलाचे भाव बाजाराशी जोडा आणि गरिबाला मदत करायची ती सरळ अंदाजपत्रकातून, सगळ्यांना दिसेल अशी करा.

आता त्या वेळचे राजकारण पाहा. गट नेमला नरसिंह रावांच्या काळात. १९९६ मध्ये वाजपेयींचे सरकार १३ दिवस टिकले. अहवाल आला तेव्हा देवेगौडा पंतप्रधान होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये अंमलबजावणीचा निर्णय जाहीर झाला तेव्हा गुजराल होते. पहिला टप्पा एप्रिल १९९८ ला सुरू झाला आणि शेवटचा एप्रिल २००२ ला संपला, तेव्हा पुन्हा वाजपेयी. इतकी सरकारे आली-गेली आणि कागद मात्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पुढे सरकत राहिला. केळकर स्वतः तोपर्यंत मंत्रालयातून निघून अर्थ सचिव झाले होते आणि १९९९ पासून वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत कार्यकारी संचालक म्हणून भारत, बांगलादेश, श्रीलंका आणि भूतान यांची बाजू मांडत होते. आपण लावलेले झाड दुसऱ्याच्या अंगणात वाढते आहे, असा तो प्रकार.

त्यांच्या काळातले दुसरे काम तेल शोधण्याचे. आपल्या देशात गाळाच्या खडकांची २६ खोरी मोजली आहेत आणि तेल असले तर अशाच खडकांत असते. पूर्वी शोधायचे क्षेत्र सरकार ओएनजीसी आणि ऑइल इंडिया या दोन सरकारी कंपन्यांना नेमून देई. एका विहिरीला खर्च प्रचंड आणि दहातल्या अनेक कोरड्या निघतात, मग सरकारी पैशाने किती जुगार खेळायचा? म्हणून नवे शोध धोरण आखले गेले. १९९७ मध्ये त्याला मंजुरी मिळाली आणि १९९९ मध्ये पहिल्या फेरीत ४८ क्षेत्रे लिलावाला निघाली. सरकारी, खासगी, परदेशी सगळ्यांना एकच नियम. याच पहिल्या फेरीत दिलेल्या, आंध्रच्या किनाऱ्यापलीकडच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या क्षेत्रात रिलायन्सला २००२ मध्ये मोठा वायू सापडला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. जेवढी आशा होती तेवढे तेल-वायू निघाले नाही. कृष्णा-गोदावरीतला वायू २००९ मध्ये यायला लागला आणि एक-दोन वर्षांतच घटू लागला. नव्वदच्या दशकाच्या मध्याला आपण गरजेच्या जवळपास निम्मे तेल बाहेरून आणत होतो, आज ८५ टक्क्यांहून जास्त आणतो. धोरण चुकले की खडकात तेलच कमी होते? मला वाटते दोन्ही थोडे-थोडे. कायदा कितीही चांगला केला तरी कोट्यवधी वर्षांपूर्वी जे साचले नाही ते वर येत नाही. पण शोधायला माणसे उशिरा बोलावली, आणि बोलावल्यावर करारावरून भांडत बसलो, हेही खरे.

हे भांडण आमच्या सीहोर-विदिशाकडच्या मुलांना पटकन कळेल, कारण ते बटाईचेच भांडण आहे. शेत बटाईने दिले की दोन रिती असतात. एक, बियाणे-खत-मजुरीचा खर्च आधी काढून घ्यायचा आणि उरलेले वाटायचे. दुसरी, खळ्यावर जे आले ते सरळ वाटायचे, खर्च ज्याचा त्याने पाहायचा. पहिल्या रितीत मालकाला शंका येते की बटाईदार खर्च फुगवून सांगतो आहे. दुसऱ्या रितीत बटाईदाराला भीती असते की पीक गेले तर आपण बुडालो, म्हणून खडकाळ शेताला तो हातच लावत नाही. नव्या शोध धोरणात पहिली रीत होती. खर्चावरून वाद झाले, २०११ मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालानेही कडक शेरे मारले. मग डॉ. रंगराजन यांच्या समितीने दुसरी रीत सुचवली. २०१३ मध्ये सरकारने केळकरांना पुन्हा बोलावून, २०३० पर्यंत आयात कशी कमी करता येईल हे विचारले. त्यांच्या समितीचे म्हणणे पडले की ज्या खोऱ्यांत जोखीम मोठी आहे तिथे पहिलीच रीत ठेवा, नाहीतर शोधायला कोणी येणार नाही. सरकारने २०१६ च्या नव्या धोरणात दुसरी रीत घेतली. म्हणजे केळकरांचा सल्ला इथे चालला नाही. दोन्ही बाजूंना मोठी, अभ्यासू माणसे होती. 'समिती नेमली' म्हणजे उत्तर मिळाले, असे समजणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर आठवावे.

याच विषयावर नॉर्वे देशाचे उदाहरण नेहमी दिले जाते. तो देश म्हणजे ५५-५६ लाखांची वस्ती, भोपाळ आणि इंदूर मिळून होईल एवढी. १९६९ च्या अखेरीस त्यांना समुद्रात मोठे तेलक्षेत्र सापडले. त्यांच्याकडे एक इराकी भूवैज्ञानिक होता, फारूक अल-कासिम. बसऱ्याचा माणूस, बायको नॉर्वेची, मुलाच्या आजारपणामुळे १९६८ मध्ये कुटुंब तिकडे आलेले. वेळ घालवायला म्हणून तो उद्योग मंत्रालयात चौकशी करायला गेला, आणि तेलाचे कागद वाचू शकणारी माणसे इतकी कमी होती की त्यालाच कामावर घेतले. पुढे त्या देशाचे तेलविषयक नियम बनवण्यात त्याचा मोठा हात राहिला. १९७२ मध्ये सरकारी कंपनी स्थापन झाली, तिचे पहिले प्रमुख आर्वे यॉनसन १५ वर्षे त्या खुर्चीवर होते. तीच कंपनी आज इक्विनॉर नावाने ओळखली जाते.

पण नॉर्वेने खरे शहाणपण पैशात दाखवले. तेलाचा पैसा एका निधीत टाकायचा आणि त्यातून दरवर्षी थोडेच काढायचे, असा कायदा त्यांनी १९९० मध्ये केला. पहिली रक्कम जमा झाली १९९६ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी आपला डबा रिकामा होत होता त्याच वर्षी. आज त्या निधीत दीड लाख कोटी डॉलरहून अधिक आहे, आणि वर्षाला साधारण ३ टक्क्यांपर्यंतच खर्च करायचा असा नियम आहे. आपली तुलना त्यांच्याशी सरळ करता येत नाही. त्यांच्याकडे तेल जास्त आणि तोंडे कमी, आपले उलटे. तरी विश्वस्त मंडळींची क्षमा मागून एक लिहितो. आपल्या शाळेच्या जुन्या देणगी निधीतून नव्या सभागृहासाठी मूळ रक्कमच काढावी का, हा विषय पुढच्या बैठकीत आहे. माझे मत सर्वांना ठाऊक आहेच. व्याजावर दरवर्षी ज्या मुलांची फी भरली जाते त्यांची यादी मी बैठकीला घेऊन येणार आहे.

परत भावाकडे येतो. डबा २००२ मध्ये बंद झाला, पण सवय गेली नाही. २००४ नंतर जगात तेल चढू लागले तसे सरकारने पुन्हा भाव दाबून धरले आणि कंपन्यांना रोख पैशांऐवजी रोखे दिले. रोखे म्हणजे उधारीची चिठ्ठी, जी पुढच्या पिढीने फेडायची. पेट्रोलचा भाव २०१० मध्ये मोकळा झाला, डिझेलचा मात्र नाही. २०१२ मध्ये देशाची तूट फार वाढली तेव्हा अर्थ मंत्रालयाने केळकरांनाच समिती करायला सांगितले आणि त्यांनी जे लिहिले ते १९९६ पासून फारसे बदललेले नव्हते. डिझेलचे भाव वाढवा, एकदम जमत नसेल तर थोडे-थोडे वाढवा. जानेवारी २०१३ पासून डिझेल महिन्याला सुमारे ५० पैशांनी वाढू लागले. कोणाला फार टोचले नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये जगात तेल उतरत असताना डिझेलही मोकळे करण्यात आले. जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी नवा भाव अशी पद्धत आली. कागदावर तीच आहे, प्रत्यक्षात २०२२ नंतर कित्येक महिने भाव जागचा हललेला नाही, आणि जग उतरले तरी आपला उतरला नाही, जग चढले तरी आपला चढला नाही. म्हणजे तो जुना डबा कुठेतरी मागच्या खोलीत अजून आहे, असे म्हणायला जागा आहे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. तिच्या मामाकडे उत्तर प्रदेशात पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त का? तेल तेच, कंपन्याही त्याच. फरक कराचा. पेट्रोलच्या एका लिटरमध्ये कच्च्या तेलाचा आणि शुद्धीकरणाचा खर्च, केंद्राचे उत्पादन शुल्क, पंपचालकाचे कमिशन आणि राज्याचा व्हॅट असे थर असतात. व्हॅट प्रत्येक राज्याचा वेगळा आणि मध्य प्रदेशचा भारी. मग 'एक देश एक कर' म्हणून जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तो इथे का नाही? कारण कच्चे तेल, पेट्रोल, डिझेल, विमानाचे इंधन आणि नैसर्गिक वायू या पाच वस्तू अजून जीएसटीच्या बाहेर आहेत. राज्यांना हे उत्पन्न सोडवत नाही.

गंमत अशी की जीएसटीची कल्पना ज्यांच्या अहवालांतून पुढे आली त्यांत केळकरांचे नाव वरचे आहे. २००२ मध्ये करसुधारणेच्या समित्या त्यांच्या, २००४ मध्ये जीएसटी सुचवणारे कार्यदल त्यांचे आणि तेराव्या वित्त आयोगाचे अध्यक्षही तेच. त्यांच्या हयातीची दोन मोठी कामे, तेल आणि कर, अजून एकमेकांना भेटलेली नाहीत. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्याच सुमारास महाराष्ट्र सरकारने विदर्भ-मराठवाड्याच्या मागासलेपणाचा अभ्यास त्यांच्याकडे दिला. २०१९ मध्ये अजय शहा यांच्याबरोबर त्यांनी सरकार कसे चालते आणि कुठे अडते यावर एक पुस्तक लिहिले. बारावीच्या अर्थशास्त्राच्या मुलांनी ते चाळावे. इंग्रजी आहे पण अवघड नाही. हिंदी माध्यमातून शिकलेल्या माझ्यासारख्यालाही शब्दकोश दोन-चारदाच उघडावा लागला.

शब्दांवरून आठवले. दहावीच्या मुलांनी कच्च्या तेलाचे 'भागशः ऊर्ध्वपातन' घोकण्यात वेळ घालवू नये. बी.एस्सी.ला मी तेच 'प्रभाजी आसवन' म्हणून घोकले होते आणि दोन्ही वेळा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय डोक्यात गेले नाही. तेल तापवून उंच मनोऱ्यात सोडतात, हलका वायू सगळ्यात वर, त्याखाली पेट्रोल, मग रॉकेल, मग डिझेल आणि तळाला डांबर, एवढीच गोष्ट आहे.

आणि ती पाहायला लांब जायला नको. भोपाळ-झाशी मार्गावर बीना आहे. तिथल्या रिफायनरीसाठी भारत पेट्रोलियम आणि ओमानची तेल कंपनी यांनी मिळून १९९४ मध्ये कंपनी स्थापन केली. प्रत्यक्ष उद्घाटन व्हायला मे २०११ उजाडला. गुजरातच्या किनाऱ्यावरच्या वाडिनारहून ९३५ किलोमीटरच्या नळातून कच्चे तेल तिथे येते. आता ती पूर्णपणे भारत पेट्रोलियमची आहे आणि शेजारी पेट्रोकेमिकल संकुलाची पायाभरणी सप्टेंबर २०२३ मध्ये झाली. नववी आणि अकरावी विज्ञानच्या मुलांची सहल तिकडे नेण्याबद्दल मी रिफायनरीला पत्र पाठवले आहे. परवानगी आली की तारीख वर्गशिक्षक सांगतील. व्हॅनच्या भाड्याचा विषय २० तारखेच्या पालकसभेत पुन्हा आहे. त्या दिवशी व्हॅनवाल्यांनी मागच्या वर्षाच्या डिझेलच्या पावत्या आणाव्यात. एका किलोमीटरला खर्च किती येतो हे अकरावीच्या मुली सगळ्यांसमोर फळ्यावर मांडतील, मग भाडे ठरवू.

– प्राचार्य